बरे न झालेल्यांची पत्रे
(गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेत दिलेले व्याख्यान)



ज्या शाळेच्या शहाबादी फरशीवर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने आज मला गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले, हा मी माझा गौरव समजतो. त्याबरोबर मनात थोडी धास्तीही आहे. गुरुजींसमोर कोणतेही विधान केले की त्यांचा एकच शब्दाचा प्रश्न येत असे : "कशावरून?" आज ते समोर नाहीत, परंतु गेली पन्नासहून अधिक वर्षे हा प्रश्न माझ्या पाठीशी उभा आहे, आणि आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाविषयीच आहे.

मी विकृतिशास्त्राचा, म्हणजे पॅथॉलॉजीचा, माणूस. सूक्ष्मदर्शकाखाली मांसाचा तुकडा पाहायचा आणि हा कर्करोग आहे की नाही ते लिहून द्यायचे, यात माझे आयुष्य गेले. कर्करोगावर बोलावे असे संस्थेने सुचविले, तेव्हा लक्षणे आणि उपचार यांविषयी मी बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. थोडे त्याविषयीही बोलेन. परंतु माझा मुख्य विषय जरा निराळा आणि वरकरणी रुक्ष आहे. कर्करोगाविषयी जे ज्ञान डॉक्टर वापरतात, ते खरे कशावरून? ते कोठे तपासले जाते? त्याचे उत्तर म्हणजे कर्करोग-संशोधनाला वाहिलेली नियतकालिके. बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवरील आपल्या माणसांचा या नियतकालिकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे, हेच मला दाखवायचे आहे.

प्रथम एक आठवण सांगतो. गुरुजींच्या गणिताच्या तासाला आम्ही वह्यांची अदलाबदल करीत असू. प्रत्येकाने शेजाऱ्याचे गणित तपासायचे आणि खाली शिसपेन्सिलीने आपली सही करायची. गणित चुकले असूनही तपासणाऱ्याने 'बरोबर' लिहिले असेल, तर दोघांनाही ते गणित पुन्हा सोडवावे लागे. "चूक करणाऱ्याला एक वेळ माफी आहे, सही करणाऱ्याला नाही," असे ते म्हणत. पुढे माझा पहिला शोधनिबंध एका वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठविला आणि तो दोन अनोळखी तज्ज्ञांच्या अकरा प्रश्नांसह परत आला, तेव्हा मला प्रथम आठवले ते गुरुजी आणि त्या शिसपेन्सिलीच्या सह्या.

आता दुसरी आठवण. ती सांगणे मला आजही सोपे नाही.

माझी थोरली आत्या सीमेपलीकडे उमरगा तालुक्यात दिलेली होती. पलीकडे म्हणायचे ते १९५६ नंतर. त्याआधी बीदर, गुलबर्गा आणि उस्मानाबाद हे तिन्ही जिल्हे एकाच हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होते. सरकारने रेषा आखली, सोयरिकी मात्र होत्या तशाच राहिल्या. १९७४ च्या सुमारास पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी आत्याच्या अंगावर पुन्हा जाऊ लागले. तिने कोणाला सांगितले नाही. कळले तेव्हा मामंजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, एका गावच्या औषधाची ख्याती ऐकली आणि ते औषध सुरू केले. औषधाबरोबर एक छापील पुस्तिका मिळत असे. तीत बरे झालेल्या रुग्णांची पत्रे होती, नाव-गावासह, एकापुढे एक. मी तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात होतो. सुटीत गेलो असता मामंजींनी ती पुस्तिका माझ्या हाती दिली आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले. मी वाचली. मनात शंका आली. परंतु वडीलधाऱ्यांपुढे बोलण्याचे धैर्य झाले नाही, आणि खरे सांगायचे तर काय बोलावे तेही नेमके सुचले नाही. छापलेली पत्रे होती. ती खोटी कशी म्हणावी?

परतताना ती पुस्तिका मी गुरुजींना दाखविली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि विचारले, "यात बरे न झालेल्यांची पत्रे कुठे आहेत?"

मी दुसऱ्याच दिवशी उलट पावली गेलो. आत्याला मोठ्या दवाखान्यात नेले. पण मधले सात महिने निघून गेले होते, आणि ते परत मिळणारे नव्हते. दुखणे गर्भाशयाच्या मुखाचे होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग फार सावकाश वाढतो. सुरुवातीच्या पायरीवर सापडला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. हे मी नंतर शिकलो. पुस्तिकेतली पत्रे कदाचित खरीही असतील. परंतु शंभर जणांनी औषध घेतले, नव्वद दगावले आणि दहांनी पत्रे लिहिली, तर छापली जातात ती दहा पत्रे. मेलेली माणसे पत्र लिहीत नाहीत. गुरुजींच्या प्रश्नाचा अर्थ हा होता, आणि संशोधनपत्रिका नावाची वस्तू जगात निर्माण झाली तीही याच प्रश्नाच्या पोटी, असे मला वाटते.

इ. स. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. एखाद्याने काही शोधले तर ते कसे शोधले यासह छापावे, म्हणजे दुसऱ्याला ते करून पाहता येईल, ही त्यामागची कल्पना. निबंध छापण्यापूर्वी त्याच विषयाच्या इतर जाणकारांकडून तपासून घेण्याची आजची शिस्त मात्र बरीच उशिरा, विसाव्या शतकात, सर्वत्र रुजली. पद्धत अशी : लेखक आपला निबंध संपादकांकडे धाडतो. संपादक तो दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवितात. त्यांची नावे लेखकाला बहुधा कळत नाहीत आणि या कामाचा मोबदलाही बहुधा मिळत नाही. ते विचारतात : किती रुग्ण पाहिले? मधेच सोडून गेले त्यांचे काय झाले? तुलना कोणाशी केली? लेखकाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. पुष्कळ निबंध परत जातात. जे छापले जातात तेही बदलूनच. कर्करोगापुरते बोलायचे तर जर्मनी आणि जपान येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अशी नियतकालिके निघाली. अमेरिकेत १९१६ मध्ये जे निघाले, त्याच परंपरेतून १९४१ साली 'कॅन्सर रिसर्च' ही आजची नामांकित पत्रिका उभी राहिली.

त्याच १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, आमच्या विकृतिशास्त्राचे भारतातील आद्य आचार्य. त्यांनी रुग्णांच्या गाठी तपासल्या, तसेच रुग्णांच्या सवयीही विचारल्या. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी अमेरिकेतील 'आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी' या पत्रिकेत एक निबंध लिहिला. कमरेला धोतर वर्षानुवर्षे आवळून बांधल्याने त्या जागीच होणारा त्वचेचा कर्करोग, आणि तंबाखू-चुन्याची गोळी जेथे धरून ठेवतात तेथेच ओठाच्या आत होणारा कर्करोग, यांचे वर्णन त्यात होते. आपल्या आजोबांच्या धोतराची गाठ आणि तळहातावर मळलेली तंबाखू जगाच्या वैद्यकशास्त्रात गेली ती अशी. तंबाखूचा हा धडा ऐंशी वर्षांपूर्वी छापला गेला आहे; आपल्या एसटी स्थानकावर गुटख्याच्या पुड्यांचा सडा पडतो, तो काही ज्ञान नव्हते म्हणून नव्हे.

१९५१ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. या संस्थेने १९६३ साली दोन कामे सुरू केली, आणि ती एकाच वर्षी सुरू झाली हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पहिले म्हणजे 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर' ही पत्रिका. दुसरे म्हणजे मुंबईची कर्करोग-नोंदवही. मुंबईत राहणाऱ्या कोणालाही कर्करोग झाला, मग तो कोणत्याही दवाखान्यात जावो, त्याची नोंद झालीच पाहिजे, असा या नोंदवहीचा दंडक. बरा झालेला आणि न झालेला, दोघेही तीत येतात. एका हाताने नोंद करावी आणि दुसऱ्या हाताने ती चारचौघांत तपासणीसाठी मांडावी, असा हा जोडव्यवसाय होता.

परंतु मुंबईची नोंद म्हणजे खेड्याची नोंद नव्हे. खेड्यातला रोगी पुष्कळदा दवाखान्याची पायरी चढल्याविनाच जातो. मग त्याची नोंद कोण करणार? हे काम आपल्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, १९८७ मध्ये सुरू झाले. बार्शी, परंडा आणि भूम या भागांतील ३४६ गावे घेऊन भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने उभी राहिली. येथे नोंद करणारे कार्यकर्ते दवाखान्यात बसून राहिले नाहीत. ते गावोगाव फिरले, सरपंच, शिक्षक, सुईण यांना भेटले, अंगावर जाणे, न भरणारी जखम, गिळताना होणारा त्रास यांविषयी विचारीत आणि सांगत गेले. आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' या पत्रिकेत दाखवून दिले की, नुसत्या विचारपुशीने आणि माहितीने त्या गावांतील स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या. यंत्र नाही, नवे औषध नाही. केवळ कोणीतरी दारात येऊन विचारले. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आत्या उभी राहिली. तिच्या दारात असे कोणी आले नव्हते.

यापुढची पायरी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, घडली. उमरग्याकडून पाहिले तर आपला बसवकल्याण आणि आळंद तालुका या जिल्ह्याला खेटून आहे. आपल्या घरच्या किती मुली तिकडे नांदतात हे मी आपणांस सांगायला नको.

१९९९ च्या ऑक्टोबरमध्ये बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल केंद्र आणि फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हा अभ्यास सुरू केला. जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडले आणि सोडतीने त्यांचे चार भाग केले. त्यांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या एकूण १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एका भागातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली. हा रोग बहुधा याच विषाणूच्या दीर्घ मुक्कामातून उद्भवतो. दुसऱ्या भागात पेशींची पॅप तपासणी झाली. तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिले गेले. चौथा भाग तुलनेचा. त्यांना नेहमीची सेवा होती, मुद्दाम तपासणी नव्हती. नंतर सुमारे आठ वर्षे सर्वांवर लक्ष ठेवले आणि २००९ च्या एप्रिलमध्ये डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. शास्त्री आणि सहकाऱ्यांचा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगप्रसिद्ध अमेरिकी पत्रिकेत छापून आला.

विद्यार्थी मित्रांनो, त्यातील काही आकडे फळ्यावर लिहून घ्यावेत असे आहेत. विषाणू-तपासणीच्या भागात ३४,१२६ स्त्रिया होत्या. तुलनेच्या भागात ३१,४८८. कर्करोग सापडला तो पहिल्या भागात १२७ जणींना आणि दुसऱ्या भागात ११८ जणींना. म्हणजे तपासणी करूनही रोगाचे प्रमाण जवळजवळ तितकेच! पुस्तिका छापणाऱ्याने हा आकडा लपविला असता. परंतु पुढचा आकडा पाहा. वाढलेल्या पायरीवर रोग होता तो पहिल्या भागात ३९ जणींचा, दुसऱ्यात ८२ जणींचा. आणि या रोगाने दगावल्या त्या पहिल्या भागात ३४, दुसऱ्यात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. उरलेल्या दोन पद्धतींनी मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, हेही त्याच निबंधात तितक्याच स्पष्टपणे छापले आहे. गुरुजींना हवी होती ती बरे न झालेल्यांची पत्रे ही अशी असतात.

एका निबंधाने सारे संपत नाही, हेही लक्षात घ्यावे. ॲसेटिक आम्लाची साधी पद्धत उस्मानाबादेत एकदाच वापरली होती. मुंबईच्या वस्त्यांत तीच पद्धत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी वापरली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष २०१४ मध्ये दुसऱ्या एका कर्करोग-पत्रिकेत आला. पहिल्या निबंधावर दुसऱ्याने सही केली, ती दुरुस्तीसह. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाच्या शोधासाठी विषाणूची तपासणी ही पहिली पसंती ठरविली. उस्मानाबादच्या स्त्रियांनी दिलेली साक्ष त्या निर्णयामागील महत्त्वाच्या पुराव्यांपैकी आहे.

आता मी त्या प्रश्नाकडे येतो, जो मला आजही स्वस्थ बसू देत नाही. तुलनेच्या भागातील त्या ६४ जणींचे काय? पॅप तपासणीने मृत्यू कमी होतात हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवावरून आधीच ठाऊक असताना एका भागाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का? अमेरिकेतील डॉ. एरिक सुबा यांनी हा प्रश्न उघडपणे विचारला आणि २०१४ मध्ये तो मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' या पत्रिकेत सविस्तर छापला गेला. त्या स्त्रियांना सर्व काही समजावून त्यांची संमती घेतली होती का, हाही आक्षेप होता. संशोधकांनी त्याच वर्षी त्याच पत्रिकेत उत्तर दिले. त्या भागात तपासणीची सोय मुळात नव्हतीच, नेहमीची सेवा कोणाची काढून घेतली नाही, आणि कोणती पद्धत आपल्या परिस्थितीत खरोखर जीव वाचविते हे तुलनेविना कळले नसते, असे त्यांचे म्हणणे.

मी दोन्ही बाजू अनेकदा वाचल्या आहेत. विज्ञानाच्या अंगाने संशोधकांचे म्हणणे मला समजते. तुलना नसती तर तो निबंध पुस्तिकेपेक्षा फार वेगळा ठरला नसता. पण त्या ६४ जणींपैकी एखादी माझी आत्या असती तर मला हे उत्तर पुरले असते, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढेच म्हणतो की, हा वाद दडपला गेला नाही. आरोप छापला, उत्तर छापले, दोन्ही आज कोणालाही वाचता येतात. ज्या ज्ञानात आपल्याविरुद्धची तक्रारही जपून ठेवली जाते, त्याच ज्ञानावर मी माझ्या घरातल्या माणसाचा जीव सोपवीन.

तरीही या नियतकालिकांची पूजा करू नका. तपासनीसही फसतात. २००५ साली नॉर्वेतील यॉन सुदबो यांचा मुखाच्या कर्करोगावरील निबंध 'लॅन्सेट' या ख्यातनाम पत्रिकेने छापला. त्यातील ९०८ रुग्ण बनावट निघाले. २५० जणांची जन्मतारीखही एकच होती! ज्या माहितीसाठ्याचा आधार सांगितला होता तो त्या वेळी खुलाच झाला नव्हता, हे एका जाणकार वाचक स्त्रीच्या ध्यानात आले, आणि २००६ मध्ये निबंध रद्द झाला. अलीकडे तर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही बोकाळली आहेत. ही पत्रिका कोण काढते, तपासणी कोण करते, चूक कबूल करते का, हे विचारलेच पाहिजे. छापील अक्षराचा दबदबा मी एकदा मानला होता. त्याची किंमत दुसऱ्या कोणी भरली.

आणि शेवटची गोष्ट. ज्या स्त्रियांच्या देहातून हे ज्ञान निघाले, त्यांच्यापर्यंत ते परत कोणी न्यावयाचे? निबंध इंग्रजीत, पत्रिका परदेशी. मराठी, कन्नड वा उर्दू बोलणारी आपली बाई तो वाचणार नाही. गुरुजी स्वतः निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, आम्हांला त्यांनी मराठीतून शिकविले आणि कन्नड वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचले. एका भाषेतले शहाणपण दुसऱ्या भाषेत पोचविणे हेच या सीमेवरच्या शिक्षकाचे खरे काम, असे ते मानीत.

म्हणून या शाळेला माझी विनंती आहे. वर्षातून एक दिवस येथे माता-पालकांची सभा घ्या आणि आज मी सांगितलेले आकडे त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे मांडा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बहिणीला सांगा की, दुखण्याची वाट न पाहता सरकारी दवाखान्यात जाऊन या तपासणीची चौकशी करावी. पाळी गेल्यावर अंगावर जाऊ लागले तर लाजून एक दिवसही घालवू नये. मुलींसाठी या विषाणूविरुद्धची लस निघाली आहे, आणि पुण्याच्या सीरम संस्थेने २०२२ मध्ये तिची भारतीय आवृत्तीही तयार केली आहे, हेही सांगा. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी कोणी चमत्काराची पुस्तिका आणली, किंवा हल्लीच्या रीतीने मोबाइलवर दाखविली, तर वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण न घाबरता, गुरुजींचा प्रश्न विचारा. मी तो वेळेवर विचारला नाही. तुम्ही विचारा.